टुबकीची अवेळची काकडी

या, या, जवळ सरका. कुणी मांडीवर, कुणी कुशीत. चुळबुळ पुरे झाली! आता कान इकडे द्या बघू.

एक होती बेडकी. इवलीशी! किती इवलीशी? आईच्या अंगठ्याएवढी. तिचं नाव टुबकी. ती चालायची कशी? टुबुक टुबुक, टुबुक टुबुक.

टुबकी राहायची शेवंतीकाकूंच्या अंगणात. अंगणात म्हणजे अंगणाखाली बरं का! उन्हाळाभर बेडकं मातीत झोपतात. मऊ मऊ माती, गार गार माती. टुबकी झोपली होती. शेजारी तिची आई झोपली होती. तिच्या पलीकडे सगळी भावंडं झोपली होती. फुस्स... फुस्स... फुस्स...

झोपायच्या आधी आईनं टुबकीच्या मुठीत एक बी दिली होती. काकडीची बी. एकच एक!

आई म्हणाली होती, "टुबके, ही जपून ठेव हं. वर गडगडलं, खाली भिजलं, की समजायचं पाऊस आला. मग उठायचं. मग बी लावायची. वेल येईल, वेलाला मोठी मोठी पानं येतील. त्या पानांखाली आपलं घर!"

"हो आई," टुबकी म्हणाली. आणि मूठ घट्ट धरून झोपली.

एके दिवशी काय झालं? वर वाजलं, खडखड, खडखड, खटाक! खाली पडलं, छप छप, छप छप! टुबकीच्या झोपेचं पार खोबरं झालं.

"गडगडलं! भिजलं! पाऊस आला, पाऊस आला!"

आईला हाक नाही मारली. भावंडांना हलवलं नाही. बी घेतली आणि टुबुक! आली मातीतून वर. रांजणाच्या पायाशी तिनं बी लावली. वरून माती थोपटली. थप थप थप.

पण पाऊस होता का? छे! पाऊस कुठला! वर बघावं तर निळं निळं आभाळ. ढगाचा पत्ताच नाही.

मग गडगडलं काय? कौलं! शेवंतीकाकूंचा भाऊ आला होता, बाबलमामा. तो घरावर चढला होता. पाऊस यायच्या आधी कौलं नीट करायची असतात ना? फुटकी काढायची, चांगली बसवायची. खडखड, खडखड, खटाक!

आणि भिजलं कशानं? सड्यानं! शेवंतीकाकू अंगणात सडा घालत होत्या. छप छप, छप छप!

झाली ना फजिती? भर उन्हाळ्यात काकडी लावून बसली की आमची टुबकी!

बी मात्र गुणाची हो. रोज सकाळच्या सड्याची थोडी ओल मिळाली, आणि ती रुजली. इवलंसं रोप आलं. हिरवं हिरवं, लुसलुशीत. टुबकी त्याच्याभोवती नाचली. टुबुक टुबुक, टुबुक टुबुक.

पण ऊन काय थोडं होतं? ऊन म्हणजे नुसता चुलीतला जाळ. रोपानं मान टाकली. पानं झाली मलूल.

टुबकी म्हणाली, "अगं बाई! आईनं दिलेली एकच तर बी होती! रोप गेलं तर वेल नाही. वेल नाही तर पानं नाहीत. मग आई उठली की राहणार कुठं? माझी भावंडं राहणार कुठं?"

पाणी हवं होतं. आत्ताच्या आत्ता हवं होतं!

रोपाशेजारी होता रांजण. मोठ्ठा, गोल, ढेरपोट्या रांजण. टुबकी म्हणाली,

"रोप मान उचलेना,
आईची बी जगेना!
रांजणआजोबा, रांजणआजोबा, पाणी द्या ना!"

रांजण म्हणाला, "घूं... घूं... देतो गं, देतो! पण आधी कळशी येऊ दे. माझंच पोट रिकामं बघ. आत नुसता वारा! कळशीनं मला भरलं की मी सांडतो. सांडेल ते सगळं तुझ्या रोपाला."

निघाली टुबकी. अंगण असं तापलेलं, काय सांगू! टुबुक, आई गं! टुबुक, आई गं!

ओटीवर बसली होती कळशी. पितळेची, चकचकीत. टुबकी म्हणाली,

"रांजण भरेना,
रोप मान उचलेना,
आईची बी जगेना!
कळशीताई, कळशीताई, ये ना!"

कळशी म्हणाली, "ठणण्! येते गं, येते! पण आधी काकू निघू दे. मला काय पाय आहेत? काकूच्या कमरेवर बसायचं आणि विहिरीवर जायचं, अशी माझी ऐट असते."

निघाली टुबकी. टुबुक, आई गं! टुबुक, आई गं!

शेवंतीकाकू येरझारा घालत होत्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे. कडेवर बाळ, बाळ रडतंय ट्यां ट्यां! टुबकी म्हणाली,

"कळशी येईना,
रांजण भरेना,
रोप मान उचलेना,
आईची बी जगेना!
काकू, काकू, निघा ना!"

काकू म्हणाल्या, "निघते गं, निघते! पण आधी बाळ झोपू दे. सकाळपासून डोळ्याला डोळा नाही याचा. कमरेवर हा असला की कळशी कुठं ठेवू? डोक्यावर घेऊन नाचू?"

बाळाचं नाव होतं गुंड्या. गोल गोल गाल, गोल गोल पोट. आणि आवाज? बाप रे! टुबकीनं दोन्ही कान झाकले आणि म्हणाली,

"काकू निघेना,
कळशी येईना,
रांजण भरेना,
रोप मान उचलेना,
आईची बी जगेना!
गुंड्याबाळा, गुंड्याबाळा, झोप ना!"

गुंड्या म्हणाला, "ट्यां! झोपतो गं, झोपतो! पण आधी खडखड थांबू दे. डोळा मिटला, की खडखड! पुन्हा मिटला, की खटाक! मी बापडा झोपू कसा? ट्यां! ट्यां!"

खरंच की! वर अजून चाललंच होतं. खडखड, खडखड, खटाक!

टुबकी शिडी चढली. एक पायरी, टुबुक! आणखी एक पायरी, टुबुक! धाप लागली, जीभ बाहेर आली, पण चढली हो! वर बाबलमामा घामानं निथळत होता. टुबकी म्हणाली,

"बाळ झोपेना,
काकू निघेना,
कळशी येईना,
रांजण भरेना,
रोप मान उचलेना,
आईची बी जगेना!
मामा, मामा, थांबा ना!"

बाबलमामा म्हणाला, "थांबतो गं, थांबतो! पण आधी कौल येऊ दे. एकच कौल कमी पडतंय बघ. इथलं तिथं लावलं, की इथं भोक. तिथलं इथं लावलं, की तिथं भोक! सकाळपासून हे भोक मला नाचवतंय. एक कौल खाली होतं, कुठं गेलं कोण जाणे. तुला दिसलं तर बघ, माझी बाय!"

टुबकी शिडी उतरली. इकडे बघितलं. तिकडे बघितलं. जास्वंदीखाली बघितलं. आणि सावलीत काय होतं? एक कौल! लाल लाल, गार गार कौल. पण कौलावर काय होतं? एक मांजर! मऊ मऊ, जाडजूड मांजर. घुर्र... घुर्र...

टुबकी कौलाच्या कानाशी हळूच म्हणाली,

"खडखड थांबेना,
बाळ झोपेना,
काकू निघेना,
कळशी येईना,
रांजण भरेना,
रोप मान उचलेना,
आईची बी जगेना!
कौलोबा, कौलोबा, चढा ना!"

कौल दबलेल्या आवाजात म्हणालं, "चढतो गं, चढतो! पण आधी मनी उठू दे. अंगावर केवढी धोंड बसलीये, बघतेस ना? मामाला मी दिसणार कसा?"

आता आली का पंचाईत! मनी मांजरीला उठवायचं? मनीला नखं होती. मनीला दात होते. टुबकी होती अंगठ्याएवढी. ती टुबुक टुबुक मागे सरकली.

पण मग तिला रोप आठवलं. मान टाकलेलं. तिला आई आठवली. मातीखाली झोपलेली. टुबकी पुढे सरकली. थोडी सरकली. आणखी थोडी सरकली. आणि म्हणाली,

"कौल चढेना,
खडखड थांबेना,
बाळ झोपेना,
काकू निघेना,
कळशी येईना,
रांजण भरेना,
रोप मान उचलेना,
आईची बी जगेना!
मनीमावशी, मनीमावशी, ऊठ ना!"

मनीनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. नुसती शेपटी हलवली.

"घुर्र... उठते गं, उठते! पण आधी पाऊस पडू दे. पाऊस आला की अंग भिजतं. अंग भिजलं की मला शिंका येतात. तेव्हा मी उठते, आणि चुलीमागे जाते. पाऊस आण, लगेच उठते. आता जा, मला झोपू दे. घुर्र..."

पाऊस! पाऊस कुठून आणायचा? पाऊस काय खिशात असतो?

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. टुबकी मटकन खाली बसली. "पाऊस आला असं वाटलं म्हणून तर ही सगळी गत झाली! माझंच चुकलं. मीच घाई केली. मी आईला उठवलंसुद्धा नाही!" आणि तिला रडू आलं. मोठ्ठं रडू आलं. बेडकी रडते कशी, माहीत आहे?

"मनी उठेना, डरांव!
कौल चढेना, डरांव!
खडखड थांबेना, डरांव!
बाळ झोपेना, डरांव!
काकू निघेना, डरांव!
कळशी येईना, डरांव!
रांजण भरेना, डरांव!
रोप मान उचलेना, डरांव!
आईची बी जगेना! डरांव, डरांव, डरांव!"

मनीचा एक कान हलला. मग दुसरा कान हलला.

"ऑं? बेडूक ओरडतंय? म्हणजे पाऊस आला! आला, आला! अगं आई गं, माझं अंग!"

आणि मनीनं डोळे मिटूनच जी उडी मारली! धूम! ओटी ओलांडली, माजघर ओलांडलं, ती थेट चुलीमागे.

हसताय काय? टुबकी खडखडीला फसली होती ना? तशी मनी डरांवला फसली!

मग काय! मनी उठली, कौल दिसलं.

"अरेच्चा! इथं होय रे तू!" बाबलमामा वरून ओरडला. शिडी उतरला, कौल उचललं, भोकावर बसवलं. खटाक! भोक बुजलं.

कौल चढलं, खडखड थांबली.

अहाहा! किती शांत वाटलं! गुंड्यानं एक जांभई दिली. मोठ्ठी! डोळे मिटले. खडखड नाही. खटाक नाही. गुंड्या झोपला.

बाळ झोपलं, काकू निघाल्या. काकू निघाल्या, कळशी कमरेवर बसली. विहिरीवर गेली, बुडूक बुडूक भरली, डुलत डुलत आली. कळशी आली, रांजण भरायला लागला. धो धो! धो धो! आणखी एक खेप, आणखी एक खेप. घूं घूं बंद झालं. रांजण भरला गळ्यापर्यंत. आणि मग तो सांडला!

पाणी आलं झुळझुळ झुळझुळ. रोपाच्या पायाशी आलं. माती प्याली. रोप प्यालं. टुबकीसुद्धा बसली त्यात फतकल मारून. तिचे भाजलेले पाय गारेगार झाले.

आणि रोपानं... हळूच... हळूच... मान उचलली!

"उचलली! काकू, बघा, मान उचलली!" टुबकी नाचायला लागली. टुबुक टुबुक, टुबुक टुबुक.

काकूंनी वाकून बघितलं. "अगं माझे बाई! या दिवसांत काकडी? कोण गं हे शहाणं माणूस?"

टुबकीनं मान खाली घातली. "मी, काकू. मला वाटलं, पाऊस आला."

काकू हसल्या. खूप हसल्या. बांगड्या किणकिण वाजल्या. मग त्या म्हणाल्या, "असू दे हो. लावलीस ना? मग जगवू. रोज रांजण भरताना थोडं जास्तच सांडीन मी."

बाबलमामानं एक काठी आणून रोवली. "हं, चढ म्हणावं तुझ्या वेलाला. वर घर चांगलं नीट केलंय मी!"

टुबकीचे डोळे भरून आले. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही होतात, म्हणून हो!"

मग रोज रांजण भरला. रोज रांजण सांडला. वेल काठीवर चढला, काठीवरून कौलांवर चढला. पानं आली, हाताएवढी! फुलं आली, पिवळी पिवळी! एका फुलामागे दिसली काकडी. करंगळीएवढी, अंगावर बारीक बारीक लव.

आणि मग एके दिवशी खरोखरचं गडगडलं. खरोखरचं भिजलं. अंगणातली माती हलली. टुबकीची आई वर आली. टुबुक! भावंडं वर आली. टुबुक टुबुक टुबुक!

आईनं वर बघितलं. वर आभाळ दिसेना! वर नुसती पानं. हिरवी हिरवी पानं, पिवळी पिवळी फुलं. पानांवर पाऊस वाजत होता, टप टप, टप टप. खाली सगळे कोरडे.

"अगं टुबके! लोक तर बी आत्ता लावतील. आपला वेल एवढा मोठा कधी झाला?"

टुबकी आईच्या पोटाशी शिरली. तिनं सगळं सांगितलं. खडखड सांगितली, सडा सांगितला, तापलेलं अंगण सांगितलं, मनी सांगितली. "आई, मी घाई केली. माझं चुकलं. पण सगळ्यांनी मिळून आपली बी जगवली."

आईनं तिला घट्ट जवळ घेतलं. "माझं पोर ते! एवढीशी तू, आणि मनीसमोर उभी राहिलीस? चल, काकडी तयार झाली की आधी त्यांना देऊ. मग आपण."

काकडी वाढली. लांबलचक झाली, गारेगार झाली. काकूंनी तिचे काप केले. करकर, करकर!

गुंड्याला एक काप दिला. त्याला नुकते दात येत होते. तो काप चघळत बसला, लाळ गाळत बसला. बाबलमामाला एक काप, मीठ लावून. काकूंना एक काप. कळशीला एक पिवळं फूल. रांजणआजोबांच्या गळ्यात वेलाची माळ. कौलावर तर वेलाची सावलीच पडली होती. कौल म्हणालं, "आता तापत नाही गं अंग!"

आणि मनीला? मनीनं काकडी हुंगली. "शी! ही काय खायची वस्तू आहे?" टुबकी म्हणाली, "मावशी, तू उठलीस म्हणून सगळं झालं. तुला काय देऊ?"

मनीनं शेपटी चाटली. विचार केला. "मला ना... पाऊस आला की खरं खरं सांगत जा. पण खराच पाऊस हं! उगाच पळवायचं नाही."

"डरांव!" टुबकी म्हणाली. म्हणजे, हो!

शेवटी उरल्या बिया. आईनं त्यातली एक टुबकीच्या मुठीत दिली. मूठ मिटली.

"आता पुढच्या खेपेला काय करशील?"

"आधी तुला उठवीन!" टुबकी म्हणाली. "मग आभाळाकडे बघीन. मग बी लावीन."

"शहाणी माझी!" आई म्हणाली. "आणि चुकून झालीच घाई, तरी भिऊ नको. रडावंसं वाटलं तर रड. पण जोरात रड. कुणीतरी ऐकतंच."

मग सगळी बेडकं पानांखाली बसली आणि गायला लागली. डरांव, डरांव! चुलीमागून मनी म्हणाली, "हं. हा खरा पाऊस!"

काकडी खाल्ली करकरकर,
वेल चढला कौलावर.
टुबकी बसली पानाखाली,
आमची गोष्ट पुरी झाली.
आता सांगा, कुणाकुणाला हवा एक काप?